भांडणाचं कृपादान

कंडक्टरबाई उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, “मला भांडता येतं.”

हशा पिकला. नव्या पाळकांनी त्या संध्याकाळी सगळ्या मंडळीला चर्चमध्ये बोलावलं होतं. देवाने प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलेलं असतं, ते ओळखून मंडळीच्या कामी लावायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. कुणी गाणं सांगितलं, कुणी शिकवणं, कुणी आजाऱ्यांना भेटणं.

“हसण्यासारखं काय आहे?” कंडक्टरबाई म्हणाल्या. “उभा जन्म बसमध्ये भांडले. पाकीटमारांशी, म्हाताऱ्यांची जागा अडवणाऱ्यांशी, पोरींना खेटून उभं राहणाऱ्यांशी. माझ्या बसमध्ये बायका डोळे मिटून झोपायच्या.”

“बाई, तो दुर्गुण आहे,” पुढच्या बाकावरून सर म्हणाले. “दुर्गुणाला कृपादान म्हणत नाहीत.”

सर निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी सगळ्यात ज्येष्ठ. निम्मी मंडळी त्यांच्या हाताखाली शिकलेली. ते बोलू लागले की ती निम्मी मंडळी अजूनही पाठ ताठ करून बसे.

पाळक तरुण होते, भले होते, आणि त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. “वेदीवरच्या फुलांचं काम बघाल का?” त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

कंडक्टरबाईंनी फुलांचं काम घेतलं. गर्दीच्या वेळी प्रवासी कोंबावेत तशी त्या फुलं फुलदाणीत कोंबत. काम चाललेलं असताना ओठ घट्ट मिटलेले. बाई निवळल्या, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

अशाच एका रविवारी उपासना सुरू होण्याआधी बाजूच्या दाराने सरांची सून आत आली. अंगावर नर्सचा पांढरा गणवेश, डोळे जागरणाने लाल. नवरा गेल्यानंतर तिने पुन्हा नोकरी धरली होती आणि तिला रात्रपाळी लागत होती. रात्री बाहेर राहणारी बाई आपल्या घरात चालणार नाही, असं सर घरात आणि बाहेरही सांगत होते. 

“दाराला नवं कुलूप लावलंय,” ती पाळकांना म्हणाली. “माझे कपडे पिशवीत भरून पायरीवर ठेवलेत. आणि पोरीला घेऊन ते इथे आलेत.”

पाळकांनी हातातलं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. “उपासनेनंतर बोलतो मी सरांशी. शांतपणे. आत्ता नको, लोक दुखावतील.”

“लोक,” सून म्हणाली आणि परत बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

शेजारच्या टेबलाशी कंडक्टरबाई देठ कापत होत्या. एक देठ त्यांनी इतका आखूड कापला, की ते फूल कुठल्याच फुलदाणीत उभं राहिलं नसतं.

उपासना सुरू झाली. सरांची नात पुढच्या बाकावर आजीआजोबांच्या मध्ये बसली होती. पहिलं गीत संपताना तिने मागे वळून पाहिलं. “आई!” म्हणून ती उठलीच. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचं तोंड पुन्हा वेदीकडे फिरवलं. मग ते शास्त्रवाचनासाठी पुढे गेले, चष्मा पुसला आणि पान उघडलं.

“सर,” कंडक्टरबाई उभ्या राहिल्या. “आधी सुनेला घराची किल्ली द्या. मग वाचा.”

कुणीतरी “शू” केलं. शेजारच्या बाईने त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

“खाली बसा,” सर म्हणाले. “ही उपासना चालली आहे.”

“दिसतंय मला. रात्रभर दुसऱ्यांची आजारी माणसं सांभाळून ही पोर घरी आली, तर दाराला नवं कुलूप. तिची लेक तुमच्या बाकावर आणि ही दाराशी उभी, चोरासारखी.”

“हा आमच्या घरचा मामला आहे.”

“घरी येऊन बोलले असते तर तुम्ही दारातूनच वाटेला लावलं असतं. इथे म्हणता, घरचा मामला. मग तिने बोलायचं कुठे, रस्त्यावर? तिथे तर तुम्ही तिला आणलंच आहे.”

पाळक घाईने पुढे झाले. “कंडक्टरबाई, कृपा करून शांती राखू या.”

“शांती आहे कुठे, पाळकबाबा? आपण सगळे नुसते गप्प बसलोय.”

पाळकांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, मग सरांकडे. बोलले तेव्हा त्यांचा आवाज फाटला. “सर, किल्ली द्या.”

सरांनी पुस्तक मिटलं. चष्मा खिशात घातला आणि मधल्या वाटेने चालू लागले. पुढच्या बाकापाशी न थांबताच ते बायकोला म्हणाले, “चला.”

सगळी मंडळी त्यांना काकू म्हणे. काकू उठल्या. सरांच्या मागे चालताना त्यांना सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांनी नातीचा हात धरला, पण सर बाहेर पडले तरी त्या त्यांच्यामागे गेल्या नाहीत. बाजूच्या दाराशी जाऊन त्यांनी पोरीचा हात तिच्या आईच्या हातात दिला. मग पर्स उघडली, जुडग्यातून एक किल्ली ओढून काढली आणि सुनेच्या मुठीत दाबली. पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसल्या. त्या दिवशीचं वाचन पाळकांनीच केलं, दोनदा अडखळत.

उपासनेनंतर सून लेकीला घेऊन घरी गेली. काही लोक कंडक्टरबाईंना टाळून गेले. एका बाईने जाता जाता हळूच त्यांचा हात दाबला. एक वडील येऊन म्हणाले, “फुलांचं काम आता दुसऱ्या कुणाला देऊ.”

“द्या. फुलंही सुटतील बिचारी.”

चर्चच्या मागच्या नळाखाली त्या फुलदाणी विसळत होत्या. हात इतके कापत होते, की फुलदाणी नळावर आपटत होती. मागून काकू आल्या.

“हात थरथरतायत तुमचे.”

“भांडण झालं की थरथरतात. पहिल्यापासून.”

“मला वाटायचं, तुम्हाला भीती वाटत नाही.”

“कोण म्हणालं?”

काकू काही बोलणार तेवढ्यात फाटकाकडून सरांची हाक आली; किल्लीचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. “येतेस ना? का मी एकटाच जाऊन तिच्याकडून किल्ली परत घेऊ?”

“नाही,” काकू म्हणाल्या.

“त्यांना ऐकू गेलं नाही,” कंडक्टरबाई म्हणाल्या. 

“एवढाच आवाज आहे मला.”

“इथून काढता म्हणून.” त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग ओला हात काकूंच्या पोटावर टेकवला. “इथून काढा. मागच्या सीटपर्यंत गेला पाहिजे.”

काकूंनी फाटकाकडे तोंड वळवलं आणि छाती भरून श्वास घेतला.

कंडक्टरबाईंनी नळ बंद केला.