सिंद्रीच्या कुंपणाची पहार

मी एक जुनी लोखंडी पहार आहे, आणि त्या मेंढपाळ सिंद्रीचं वागणं मला मुळीच पसंत नव्हतं. तीन वर्षं मी त्याच्या मेंढवाड्यामागे गवतात गंजत पडले, आणि हा दर सणाला नैवेद्य म्हणून जमिनीवर बीअर ओतून म्हणायचा, "थॉरदेवा, माझं कुंपण उभं राहू दे." मित्रांनो, दगड उचलायला काय देवाने यायचं?

सिंद्रीच्या पणजीने मला लोहाराकडून घडवून घेतलं. मग आम्ही दोघींनी अख्ख्या डोंगरउतारावर दगडी कुंपण घातलं. अशी पहार आइसलँडच्या उत्तरेत दुसरी नाही, असं लोक म्हणायचे. खरंच होतं ते! पुढे ट्रॅक्टर आला. त्याला तो उतार चढवेना, तरी मला कोणी विचारेना. कुंपण ढासळलं, मेंढ्या कड्यावरून पडू लागल्या. शेवटी सिंद्रीची बायको आउस्लॉग म्हणाली, "बर्फाआधी कुंपण झालं नाही, तर कळप माझ्या भावाकडे जाईल. मग बस रिकामा वाडा बघत."

शरदाचा सण सिंद्रीच्याच अंगणात झाला. या सणात बीअरने भरलेलं शिंग हातोहात फिरतं. आपल्या हाताने काय केलं ते आधी सांगायचं, मग देवाशी बोलायचं. सिंद्री थेट मागायलाच लागला. पूजा सांगणाऱ्या हाल्बेराआजीने शिंग काढून घेतलं.

"आधी काय केलंस ते सांग."

"आजी, वेळ कुठे मिळतो?"

"प्यायला बरा मिळतो! देव काय तुझा गडी आहे?"

सगळे हसले. सिंद्रीचे कान लाल झाले.

सकाळी त्याने मला उचललं. हाताला फोड आले, पण कुंपण कमरेइतकं चढलं. मग कोपऱ्याचा धोंडा काही हलेना. शेजारीण गुन्व्होर धावून आली, तर हा म्हणतो, "नको ताई, माझं मी करीन."

"मग मार धोंड्याशी गप्पा! अरे, तुझं तू केलंस म्हणून तर आले. कुंपण झालं की माझं छप्पर शाकारायला ये."

दोघांनी माझ्यावर भार दिला. धोंडा जागेवर बसला. चार दिवसांत कुंपण पुरं झालं, आणि आउस्लॉगने भावाला निरोप धाडला, "येऊ नकोस."

मित्रांनो, अवजार गंजू देऊ नका, आणि हातही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, कोणी आठवण करून देण्याआधीच, सिंद्री जुनं छप्पर उचकटायला मला घेऊन गुन्व्होरच्या घराकडे निघाला. वाटेतल्या खडकावर मी आपटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सिंद्री, आता माणसात आलास!"