यादीबुवांची अकरा हजार गाणी

यादीबुवांचं खरं नाव ऑफिसात कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. पाणीखात्याच्या नकाशांच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली. कुठली पाइपलाइन कुठल्या कपाटात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. घरी आले, जेवले, हात धुतले की संगणकापुढे बसायचे आणि गाणी जमवायची. जमवायची म्हणजे ऐकायची नव्हे, बरं का! गाणं उतरवायचं, पहिले दहा सेकंद वाजवून ते धड आहे ना एवढं बघायचं, मग बंद. नाव, वर्ष, लांबी, नंबर लिहिला की पुढचं. बावीस वर्षांत अकरा हजार चारशे सहा झाली.

बायको शेजारच्या खोलीत पुस्तकं शिवत बसायची. ती बांधणी कारखान्यात होती आणि काम घरी आणायची. तिला आता, वयाच्या पन्नाशीला, समुद्रापलीकडच्या एका मोठ्या ग्रंथालयात बांधणी विभागाची प्रमुख म्हणून नेमलं होतं. उद्या सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. आजची बोट चारला होती आणि पुढची थेट परवा. बुवा नुकतेच निवृत्त झालेले, म्हणजे आता बायको नेईल तिकडे जायचं.

तिची एक पिशवी होती. बुवांच्या कपड्यांचीही एकच, पण गाण्यांची डिस्क त्यांनी लोकरीच्या टोपीत गुंडाळली, टोपी डब्यात घातली आणि डबा तान्ह्या पोरासारखा पोटाशी धरला. धक्क्यावर सामान तपासून झालं, तिकिटं तपासून झाली. शेवटच्या टेबलावर पाटी होती : ‘सोबत नेण्याची गाणी’. टेबलामागे सर्दीनं बेजार झालेल्या एक तपासनीस बाई बसल्या होत्या.

“किती नग?” बाईंनी नाक पुसत विचारलं.

“अकरा हजार चारशे सहा,” बुवा छाती काढून म्हणाले.

“सगळी तुमचीच?”

“म्हणजे काय! एकेक हातानं जमवलंय.”

“बरं.” बाईंनी डिस्क यंत्राला जोडली आणि एक गाणं मधूनच लावलं. जरा वेळानं थांबवलं. “आता पुढे काय येतं?”

बुवांनी छताकडे बघितलं. “पुढे गाणं येतं.”

“ते मलाही कळतंय हो. कसं येतं?”

“सुरुवात लावा, नंबर सांगतो. नाव सांगा, लांबी सांगतो. सेकंदाचा फरक पडायचा नाही.”

“लांबी घेऊन काय चाटायचीय?” बाई शिंकल्या. “नियम साधा आहे. जे गाणं आपल्याला येत नाही, तो परक्याचा माल. तो नेता येत नाही. नाहीतर इथे, माझ्यासमोर बसायचं आणि अख्खं ऐकायचं. ऐकलं की शिक्का.”

बुवांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी आणखी तीन गाणी मधून लावून बघायला सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते खुळ्यासारखे बघत राहिले. स्वतःच्याच घरात पत्ता विचारायची पाळी आली की माणसाचं जे होतं, ते त्यांचं झालं. घड्याळात तीन वीस झाले होते.

पण गडी हरणाऱ्यातला नव्हता. चाळीस मिनिटांत गाणी बसणार आठदहा. मग जास्तीत जास्त नग कसे बसवायचे? त्यांनी सगळा संग्रह लांबीप्रमाणे लावून घेतला, सगळ्यांत आखूड आधी, आणि कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसले.

पहिला नग चार सेकंदांचा होता. त्यात नुसत्या टाळ्या होत्या. बुवांनी डोळे मिटून त्या ऐकल्या. बाईंनीही आपल्या हेडफोनवर ऐकल्या आणि शिक्का मारला. दुसऱ्यात कुणीतरी खाकरत होतं. तिसऱ्यात खुर्ची सरकली. पुन्हा टाळ्या. मग तार जुळवण्याचा एकच टणत्कार, मग कुणाचं तरी “चालू आहे का?” ठप्प, ठप्प, ठप्प, शिक्के पडत होते. रांगेतली मागची माणसं माना उंचावून बघत होती. बुवांच्या चेहऱ्यावर तेज आलं. तीन त्रेपन्नला ब्याण्णव नग मंजूर झाले होते.

“अहो,” बायको म्हणाली. “मला एक गाणं न्यायचंय.”

“हं? कुठलं?”

तिनं तिथेच, भर धक्क्यावर, पिशवी खाली न ठेवता, ओठ मिटून दहा सेकंदांची चाल गुणगुणली आणि थांबली. अगदी कापल्यासारखी थांबली.

बुवांना क्षणही लागला नाही. “सात हजार एकशे बारा. सहा मिनिटं बारा सेकंद. अगं, वेड लागलंय का? तेवढ्यात माझे सतरा नग बसतात!”

“कसले नग? खोकले आणि टाळ्या!” तिचा आवाज चढला आणि रांग गप्प झाली. “बावीस वर्षं भिंतीआड दोरा ओवत बसलेय मी. तुम्ही लावायचं, जरा कुठे जीव रमला की बंद. जरा रमला की बंद. तोंडाशी आणलेला घास काढून घेतात ना, तसं. आणि एकदा नाही हो, अकरा हजार वेळा!”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी थांबलात? एकदा म्हटलं होतं मी, राहू द्या जरा. तुम्ही म्हणालात, चेक झालंय.”

असं आपण म्हणालो असणार, यात बुवांना तिळमात्र शंका वाटली नाही. त्यांना फार वाईट वाटलं. एवढ्या माणसांत ते वाटून घ्यायचं कसं, हे मात्र त्यांना समजेना.

“उठा,” बायको म्हणाली. तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि खुर्चीत बसली.

बाईंनी तिचं गाणं लावलं तेव्हा घड्याळात तीन पंचावन्न झाले होते. म्हणजे गाणं संपणार चार वाजून एक मिनिट बारा सेकंदांनी, आणि बोट सुटणार ठोक चारला. “जरा आधी उठली तर?” बुवांनी तपासनीस बाईंना हळूच विचारलं.

“अख्खं म्हणजे अख्खं,” बाई म्हणाल्या.

बुवांनी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि पळत सुटले. पन्नास पावलांवर बोट लागली होती. त्यांनी पिशव्या आत फेकल्या आणि चढायच्या फळीशी उभे राहिले, एक पाय बोटीत आणि एक फळीवर. चारचा भोंगा झाला.

“काका, पाय उचला,” खलाशी म्हणाला.

“उचलत नाही.”

“का?”

“गाणं संपायला एक मिनिट बारा सेकंद आहेत.”

“अहो, पाण्यात पडाल!”

“पडलो तर मला काढायला दहा मिनिटं लागतील. बघा, परवडतंय का.”

खलाशी अडाणी नव्हता. त्यानं हिशेब केला आणि फळीवरचा हात काढला. “बरं, किती राहिलं?”

“अठ्ठावन्न सेकंद. सत्तावन्न.”

तेवढ्यात बुवांच्या लक्षात आलं, की आपले हात रिकामे आहेत. डिस्क टेबलावरच राहिली होती. आता जाऊन बाईंना काही सांगितलं, हातापाया पडलं, तर निदान जपून ठेवायचं तरी कबूल करून घेता आलं असतं. पण त्यासाठी पाय उचलावा लागला असता. त्यांनी एकदा टेबलाच्या दिशेनं बघितलं. बायकोची फक्त पाठ दिसत होती, आणि ती अजिबात हलत नव्हती.

“एकतीस,” ते म्हणाले. “तीस.” खलाशीही बरोबरीनं मोजू लागला. कठड्याला टेकलेले चारपाच प्रवासीही मोजू लागले.

शून्य झालं. बायको उठली, हेडफोन काढून ठेवले, शिक्क्याचा कागद आणि बाईंनी गाणं उतरवून दिलेला एवढासा पेनड्राइव्ह घेतला आणि चालत आली. धावली नाही. फळीवरून आत गेली तशी बुवांनी पाय उचलला आणि बोट सुटली.

“डिस्क?” त्यांनी विचारलं.

“राहिली.”

“राहू दे,” बुवा म्हणाले. दोघं कठड्याशी उभी राहिली. मग त्यांनी विचारलं, “कसं होतं?”

तिनं डोळे पुसले, पदरानं नाकही पुसलं.

“अकराव्या सेकंदाला एक बाई गायला लागते हो,” ती म्हणाली.

यादीत त्यांनी सात हजार एकशे बारापुढे ‘नुसतं वाद्य’ असं लिहिलं होतं.