कैरीच्या मोसमातला शिंपला

मित्रांनो, मी एक जुना शिंपला आहे. दिसायला मळकट, आकाराने मुठीत मावेल एवढा. माझ्यासारखे कितीतरी शिंपले किनाऱ्यावर पडलेले तुम्ही पाहिले असतील आणि खिशातही घातले असतील. मला मात्र कृपा करून उचलू नका. मी स्वभावाने फार काळजीखोर आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले आहे.

माझा जन्म रत्नागिरीकडच्या समुद्रात झाला. माझ्या आत एक मऊ प्राणी राहत असे. त्यानेच पाण्यातला चुना घेऊन थरावर थर चढवत मला वाढवले. माझी दोन झाकणे पेटीसारखी बिजागरीने जोडलेली होती आणि आतले दोन दणकट स्नायू ती घट्ट मिटून घेत. प्राण्याला डोके नव्हते, पण चिखल उकरायला जिभेच्या आकाराचा पाय होता, श्वासाला कल्ले होते आणि दोन नळ्या होत्या. एका नळीने पाणी आत घ्यायचे, दुसरीने बाहेर सोडायचे, आणि पाण्याबरोबर येईल ते गाळून खायचे. आमचा संसार सुखाने चालला होता.

एकदा आम्ही कोळ्याच्या जाळ्यात सापडलो. किनारा येईपर्यंत माझ्यातला प्राणी मेला होता. जाळ्यातल्या ढिगातून मला उचलले ते अभ्यासासाठी किनाऱ्यावर आलेल्या ब्राह्मीने. ती पलूसजवळच्या जैन शेतकरी घरातली मुलगी, मिरजेच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. अभ्यास शिंपल्यांचा करायचा, पण आपल्या हाताने जीव मारायचा नाही, असा तिचा नेम होता. जाळ्यात मेलेले प्राणी बहुतेक वेळा नासलेले निघत. आम्ही तेवढे ताजे मिळालो. तिने प्राण्याला अलगद सोडवून स्पिरिटच्या बाटलीत ठेवले आणि मला कापसात गुंडाळून डबीत ठेवले.

पुढे भिंगातून पाहताना तिचे डोळे मोठे झाले. झाकणे एकमेकांत घट्ट बसावीत म्हणून शिंपल्याच्या बिजागरीला बारीक दात असतात; माझ्या उजव्या झाकणाला तसा एक जादा दात होता, तिळाएवढा. प्राण्याच्या नळीच्या तोंडाला दुहेरी झालर होती. या दोन्ही खुणा एकत्र असलेली जात आजवर कोणी नोंदवली नव्हती. मला केवढा अभिमान वाटला! पण तिच्या मार्गदर्शक बाईंनी बजावले, "नवी जात ठरवायची तर शिंपला आणि शरीर एकाच प्राण्याचं हवं. यातलं एक जरी गेलं, तर जिवंत प्राणी फोडण्यावाचून इलाज नाही." तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

मे महिन्यात प्रयोगशाळेचे छत दुरुस्तीला काढले, म्हणून ब्राह्मी आम्हाला घरी घेऊन आली. तिची आई राजमती बाटली बघून उंबऱ्यातच अडली.

"मेलेला जीव घरात? न्हाई बाई. देवाधर्माचं घर हाय आपलं."

शेवटी बाटली शेजारच्या रंगुबाईकडे गेली. रंगुबाईचे कुटुंब जतकडचे, मेंढरे राखणारे. आता इथेच शेती करून राहिलेले. "ऱ्हाऊ दे की आमच्यात. मेंढरं काय इटाळ धरत न्हाईत," म्हणत तिने बाटली फळीवर ठेवली. मी रिकामा, स्वच्छ, म्हणून मला ब्राह्मीच्या घराच्या खिडकीत जागा मिळाली. मला काही ते रुचले नाही. बाटलीला एखाद्या बकरीची धडक बसली तर? उन्हाने स्पिरिट उडून गेले तर? माझ्या पोटात गोळा आला असे म्हणणार होतो, पण पोट तर बाटलीत होते!

घोर बाटलीचा लावून घेतला आणि संकट आले माझ्यावर. साखरांब्यासाठी घरात कैऱ्यांची पाटी आली. कृष्णाकाठच्या बायका कैरी सोलायला नदीतली शिंपी वापरतात. तिची फुगीर पाठ दगडावर घासून भोक पाडायचे. त्या भोकाच्या धारेने साल पातळ निघते आणि कैरी काळी पडत नाही. राजमतीची जुनी शिंपी फुटली होती. ब्राह्मी पलूसला गेलेली. राजमतीने डबी उघडली, माझे सुटे झालेले उजवे झाकण उचलले आणि ती धुण्याच्या दगडापाशी बसली.

त्या पाठीच्याच आतल्या अंगाला माझा तो दात होता. खर्र, खर्र! पाठीवरच्या रेघा पुसल्या जाऊ लागल्या. मी मनात किंचाळत होतो, पण शिंपल्याला तोंड कुठून असणार? मी फार घाबरलो होतो.

"आई!" ब्राह्मी दारातून धावत आली.

"आगं, येवढं काय झालं? नदीला जाऊन दुसरी आणून दीन की."

ब्राह्मी दगडाजवळ बसली. "ती नदीतली न्हाई गं. त्या बाटलीतल्या जिवाचीच हाय ही. ही गेली तर आता एक जितं फोडाय लागंल. न्हाईतर काम सोडाय लागंल."

राजमतीचा हात थांबला. "म्हंजी... माज्या साखरांब्यापायी जीव गेला आसता?"

तिने मला पदराने पुसून लेकीच्या हातात दिले आणि भर उन्हात रंगुबाईच्या घरी गेली. ब्राह्मी भिंग लावून बघत होती. झाकण दाताच्या मागे कागदाएवढे पातळ झाले होते. दात मात्र शाबूत होता.

राजमती बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून परतली. मागोमाग रंगुबाई. "आवं वैनी, आता घरात चालतंय व्हय?"

"जित्याला वाचवायचं तर मेल्याला जपाय नको?" राजमती म्हणाली, आणि तिने बाटली माठाजवळच्या गारव्यात ठेवली.

पुढे आमची जात नवी ठरली. आज मी आणि माझी बाटली एका संग्रहालयाच्या कपाटात शेजारी शेजारी आहोत. कपाट उघडले की अजूनही माझी छाती धडधडते, म्हणजे बाटली हलते एवढेच. मित्रांनो, मोकळी दिसणारी प्रत्येक वस्तू बेवारस नसते. हात लावण्याआधी एकदा विचारा. माझ्या घराण्यातला एक प्राणी त्या दिवशी समुद्राच्या चिखलात दोन नळ्या वर काढून निवांत पाणी पीत होता. राजमतीचा हात वेळेवर थांबला, हे त्याला कधीच कळणार नाही.