अकराशे ब्याऐंशी फरश्या

हेर्लेकरांची प्रयोगशाळा बाहेरून मोजली तर चाळीस फूट भरत असे. आतून मोजली तर, त्या सोमवारी सकाळी, अकराशे ब्याऐंशी. एकेक फरशी एकेक फुटाची असल्यामुळे मोजणीत चूक संभवत नव्हती.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा हा कारखाना. पद्माकर हेर्लेकर चौतीस वर्षे त्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख. विभागात बारा माणसे. थोरल्या मालकांनी घालून दिलेली रीत अशी, की रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची : आज मला काय माहीत नाही. ओळ उगाच पाट्या टाकल्यासारखी लिहिली तर काही होत नसे. खरी उतरली, तर दुपारपर्यंत खोलीच्या पलीकडच्या टोकाला एक फरशी वाढे. महिन्याकाठी तीनेक ओळी खऱ्या उतरत.

आत फरशी वाढली की शेजारच्या यंत्रशाळेत लेथवरचे हात वेगळे वळू लागत. सातशेवी फरशी आली त्या आठवड्यात कारखान्याने आवाज न करणारा पंप बाहेर काढला. लेथवरच्या नेजदारांना त्याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “म्या काय केलं न्हाई, सर. हातच तिकडं वळला.”

खोलीच्या अगदी शेवटी शबाना मुल्ला बसत. तिथे त्यांचा एक पंप वाळूमिश्रित पाण्यावर नऊ वर्षे अखंड चालू होता. आतले सील कधी झिजते हे पाहायचे होते. ते अजून झिजले नव्हते. पंप एकदा थांबला की नऊ वर्षे पाण्यात गेली. त्यांचा जेवणाचा डबा सायकलवरून जात असे.

त्या सोमवारी धाकटे मालक, धैर्यशील इंगवले, वही काखेत मारून आले.

“काका, परदेशातले पाहुणे शनिवारी ही वही चाळून हसत होते. बारा शिकलेली माणसं रोज सकाळी लिहितात, माहीत नाही, माहीत नाही. मी तोंड कुठं लपवू?”

“थोरल्या साहेबांची रीत आहे.”

“आबांचं आबांपाशी. आजपासून जे माहीत आहे तेवढंच लिहायचं.”

हेर्लेकर तंत्रनिकेतनात शिकलेले. मालकांची सूचना पाळायची असते, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते. शिवाय माहीत असलेली गोष्ट लिहिल्याने कुणाचे काही बिघडेल, असे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले : पाणी उंचावरून खाली वाहते. बाकीच्यांनीही लिहिले. मुल्लाबाईंनी फोनवरून सांगितले, “लिहा, पंप चालू आहे.”

दुपारी मोजणी केली. खोली नऊशे बेचाळीस फूट भरली. एकेका ओळीने वीस वीस फरश्या नेल्या होत्या.

मंगळवारी सातशे दोन. त्या दिवशी यंत्रशाळेने तेरा वर्षांपूर्वीचा पंप बनवला आणि कुणालाच ते खटकले नाही, कारण भिंतीवरचे आराखडेही तेरा वर्षांपूर्वीचे झाले होते. हेर्लेकरांनी सूचना मोडायचे ठरवले. बुधवारी पेन हातात घेऊन ते तासभर बसले, पण माहीत नसलेले काहीच त्यांना आठवेना. गेलेली फरशी आपला प्रश्न बरोबर घेऊन गेली होती. शेवटी त्यांनी लिहिले : लोखंड गंजते.

गुरुवारी कामाची वेळ संपताना खोली दोनशे बावीस फुटांवर आली. खोलीबरोबर आतल्या वस्तूही आखडत होत्या, टोकाकडच्या जास्त. मुल्लाबाई समोरून पूर्ण दिसत. बाजूने पाहिले तर पुठ्ठ्याएवढ्या पातळ.

“मुल्लाबाई, बाहेर या.”

“आणि पंप?”

“पंप मी बघतो.”

“सर, तुम्हाला त्याचा आवाज कळत नाही. दुखत काही नाही मला. वळताना तेवढं जपावं लागतं.”

शुक्रवारी सकाळी अकराजणांनी लिहिले; काहीतरी लिहिल्यावाचून हात वहीवरून उठत नव्हता. दोन फरश्या उरल्या; बाकीचे दहाजण दाराबाहेर थांबले होते. एकीवर हेर्लेकर वही घेऊन उभे होते, दुसरीवर मुल्लाबाई आणि पंप, भिंतीला टेकून. बाजूने त्या आता कागदाच्या कडेएवढ्या होत्या. बारावी ओळ हेर्लेकरांची होती. त्यांनी मनात हिशेब केला : दोनातून वीस जात नाहीत.

इतक्यात दारात इंगवले आले. त्यांच्यामागे नेजदार, हातात कातड्याची नवीकोरी मोट.

“सर,” नेजदार म्हणाले, “माल तयार हाय. बैलं कुठं बांधायची?”

“काका, हे असं का होतंय?” इंगवल्यांनी विचारले. “सांगा की काहीतरी. तुम्हाला सगळं माहीत असतं.”

ते खरे होते. हेर्लेकरांना त्या क्षणी सगळे माहीत होते. कारणे एकामागून एक त्यांच्या जिभेवर आली आणि पेन आपोआप कागदावर टेकले.

“सर, थांबा,” मुल्लाबाई म्हणाल्या. त्यांचा कान भिंतीला लागला होता. “पलीकडे पंप चालू आहे.”

“आपलाच. घुमतोय.”

“आपला मी नऊ वर्षं ऐकते. हा आपला नाही.”

हेर्लेकरांनी आपला कान भिंतीला लावला. आवाज येत होता. खोल, सावकाश, मोठ्या कशाचा तरी श्वास चालावा तसा. अशा गतीचा पंप त्यांनी पाहिला नव्हता, आणि तो काय उपसत असेल याचाही त्यांना अंदाज येईना. अंगावर काटा आला. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आला होता तसा.

“कोणाचा आहे?” त्यांनी विचारले.

“काय माहीत, सर.”

“मलाही माहीत नाही,” हेर्लेकर म्हणाले, आणि उभ्या उभ्या तेच लिहिले.

दुपारची वाट पाहावी लागली नाही. भिंत मागे सरकली नाही, ती नव्हतीच. तिच्या जागी उजेड होता, दुपारच्या शेतावर असतो तसा, आणि त्याला पलीकडची कड नव्हती. इंगवल्यांनी पायांतले बूट काढले. का काढले ते त्यांना सांगता आले नसते.

मुल्लाबाई वळल्या. बाजूनेही पूर्ण दिसल्या.

“सर, पंपावर हात ठेवून उभे राहा,” त्या म्हणाल्या. “गरम लागला तर हाक मारा.”

हेर्लेकरांनी हात ठेवला. मुल्लाबाईंनी शेवटच्या फरशीवरून पाऊल उचलले. ते खाली येईपर्यंत तिथे काही नव्हते. टेकले तेव्हा फरशी होती. मग दुसरी. मग तिसरी. त्या मागे न बघता चालत राहिल्या, आणि समोरून, जिथे अजून एकही फरशी नव्हती तिथून, कोणीतरी त्यांच्याकडे चालत येत होते.