डाळ न शिजणारं पाणी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वल्लरीने नव्वद अंशांवरच्या ओव्हनमधून बाटली बाहेर काढली. तिसावा दिवस. आतलं खारं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं.

"गाळ न्हाई, ताई," बाटली उजेडाकडे धरत आदिनाथभाऊ म्हणाले. तळेगावच्या या छोट्या प्रयोगशाळेत ते वडिवळ्याहून येत. काचेची भांडी धुता धुता अर्धं रसायनशास्त्र शिकले होते.

"मागच्या वेळीही नव्हता."

लोखंडाच्या ऑक्साइडचे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याला फक्त रंग येतो. जमिनीखाली पाणी कुठून कुठे वाहतं हे कळावं म्हणून राजस्थानातल्या एका तेलविहिरीत ते सोडायचे आणि खडकातून वाट काढत शेजारच्या विहिरीतून वर आले की चुंबकाने वेचायचे. खालच्या खारट उकाड्यात ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर पॉलिमरचा पातळ लेप. लेप वल्लरीचा. विहिरीवर चाचणी घेणारा मुकुल, तिचा नवरा. कण वर आले की तो लोणावळ्याला घरी परतणार होता.

पहिल्या खेपेला कण आलेच नाहीत. मुकुलने उरलेले कण तिथल्या पाण्यात ढवळले, तर तासाभरात गोळे होऊन तळाला बसले. कंपनीच्या कागदावर 'एकूण क्षार' एवढाच आकडा होता. वल्लरीने तेवढं साधं मीठ तोलून घातलं होतं. पाणी जड करणारं कॅल्शियम तिच्या मनातच आलं नाही. मुकुल पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाला होता, इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही. तिला वाटलं, घरची आठवण येतेय. तिने फोन कुकरजवळ धरून त्याला शिट्टी ऐकवली होती.

"आमच्याकडं एका शिट्टीत डाळ शिजती," भाऊ म्हणाले. "मावळातल्या माणसाला जड पाणी कुटं ठावं?"

"मला ठाऊक हवं होतं. पीएचडी आहे माझी."

"त्येच म्हणतोय. शिकला नसता, तर आधी डाळीकडं बघितलं असतं."

वल्लरी हसली. या वेळी लेप नवा होता आणि पाणी त्याच विहिरीचं, मुकुलने पाठवलेलं. डब्यावर त्याच्या अक्षरात तारीख होती. डबा केव्हाच रिकामा झाला, तरी तिने टाकला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी मुकुलने नवे कण विहिरीत सोडले. अंदाज सत्तावीस दिवसांचा होता. अठ्ठाविसाव्या दिवसापासून वल्लरी रोज संध्याकाळी फोनवर एकच शब्द विचारी, "काही?"

काल, बत्तिसाव्या दिवशी, सहा वाजता त्याने फोटो पाठवला. चुंबकावर एक काळसर रेघ. खाली लिहिलं होतं, 'आपले कण आहेत की पाइपचा गंज, इथे कळत नाही. नमुना कुरिअर केलाय.'

कुरिअर अजून तळेगावला पोहोचलेलं नाही.