सिस्टिम पडलेली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी खिडकी आहे. माझ्यातून वारा येत नाही. येतात ती अक्षरं, काळ्या पाटीवर हिरवी. दूर कैरोच्या एका थंड तळघरात एक अवाढव्य संगणक बसलेला आहे. सगळे त्याला बाशा, म्हणजे बडा सरदार, म्हणतात. कोणत्या आजाऱ्याला कुठे उपचार मिळणार हे तो ठरवतो, आणि टॅंटा शहरातल्या आमच्या आरोग्य विम्याच्या कचेरीतून त्याच्याशी बोलायचं तर माझ्याशिवाय वाट नाही.

एके काळी मला स्वतःचं शरीर होतं. काचेचं तोंड, लोखंडासारखी जड पाठ. कचेरीतल्या बायका माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घालत. मग वरच्यांना शहाणपण सुचलं, की पेट्या कशाला हव्यात, ब्राउझरमध्येच खिडकी उघडू. माझी पेटी भंगारात गेली आणि जीव तेवढा उपटून ब्राउझरमध्ये कोंबला. शेजारी कोण, तर स्वयंपाकाचे व्हिडिओ आणि लग्नाच्या झग्यांच्या जाहिराती. तरीही मी कामात चुकले नाही. "या म्हातारीला तोड नाही," असं इन्शिराह मॅडम सगळ्यांना सांगायची. मी तिच्याच टेबलावरची खिडकी. उपचाराच्या परवानगीचे क्रमांक काढायचा अधिकार अख्ख्या कचेरीत तिच्या एकटीच्या नावाला होता.

बाशाच्या दरबारात एका नावाला एकच खुर्ची मिळते. नीट निरोप घेऊन उठलात तर ती मोकळी होते. निरोप न घेता, कोपऱ्यातली फुली दाबून मला बंद केलंत, तर बाशाला वाटतं माणूस अजून बसलेलाच आहे. तो संध्याकाळपर्यंत ती खुर्ची दुसऱ्याला देत नाही, अगदी त्याच नावाच्या माणसालासुद्धा नाही.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या शफीक साहेबांनी, म्हणजे कचेरीच्या प्रमुखांनी, एक हुकूम काढला. बाशाकडे ज्याचं नाव ज्या वेळी नोंदलं जाईल, ती त्याची हजेरी. अंगठ्याचं यंत्र घ्यायला नको! मग काय, समोरच्याच इमारतीत राहणारा बयूमी पहाटेच येऊन बसायचा आणि त्याच्या संगणकावर सगळ्यांच्या नावांनी खिडक्या उघडायचा, आणि ते यायच्या आत नीट निरोप घेऊन खुर्च्या मोकळ्या करायचा. कुणाला मुलं शाळेत सोडायची, कुणाला पावाच्या रांगेत उभं राहायचं. सगळे हजर. खुर्च्या भरलेल्या, माणसं रस्त्यावर. याला ते माणुसकी म्हणायचे.

त्या गुरुवारी नबाविया आली. वयानं मोठी, म्हणून सगळे तिला मानानं हाज्जा म्हणत. तिच्या नवऱ्याचं, अब्दुल-मुईनचं, रक्त यंत्रावर स्वच्छ करावं लागे. त्याच्या केंद्रातलं यंत्र बंद पडलं होतं. दुसरं केंद्र घ्यायला तयार होतं, पण बाशाचा क्रमांक आणा म्हणत होतं. आत शिरायला इन्शिराहनं स्वतःचं नाव टाकलं. मी बाशाचं उत्तर जसंच्या तसं दाखवलं, त्याच्या त्या रुक्ष आकड्यांत. तिनं ते वाचलंसुद्धा नाही.

"सिस्टिम पडलीय, हाज्जा."

"पडली तर उचला की, पोरी! माझा माणूस सुजून माठ झालाय."

इन्शिराहनं बयूमीकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "अगं, तुझी खिडकी मी उघडली होती ना! तूच म्हणालीस उशीर होईल. मग न्याहारीला ताअमियाची भजी आणायला जायचं होतं, म्हणून निरोप न घेताच फुली दाबली सगळ्यांवर."

तंत्रज्ञ लुबनाला, कचेरीच्या बाशमुहंदिसला, बोलावलं. मग माझे हाल सुरू झाले. तिनं माझी साठवण पुसली, ब्राउझर बदलला, तार काढून फुंकर मारून परत लावली, संगणक बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दाखवलं. शेवटी तिनं ते वाचलं.

"मॅडम, बाशा म्हणतोय तुम्ही आत बसलेल्या आहात."

"मी तर इथं बसलेय तुझ्यासमोर!"

"तेच विचारतेय. मग आत कोण बसलंय?"

बयूमी साखर विरघळून गेलेला चहा ढवळत राहिला.

लुबना शफीक साहेबांकडे गेली. "कैरोला एक फोन केला की ते खुर्ची मोकळी करतील, साहेब. पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि ते विचारतील कुणाचं नाव कुठून उघडलं. मग हजेरीचं सगळं बाहेर. किती घरांची भाकरी बंद करायचीय तुला, बाशमुहंदिस?" साहेब गोड आवाजात म्हणाले. "लिही, जुन्या खिडकीत बिघाड."

लुबनानं लिहिलं. सरळ, सुवाच्य लिहिलं.

टेबलावर फोन होता. इन्शिराहचा हात त्यावर गेला, हे मी पाहिलं. मग तो हात मागे आला आणि तिनं नबावियाला सांगितलं, "रविवारी ये, हाज्जा. उद्या-परवा सुट्टी आहे."

"रविवारपर्यंत?"

"देवाची इच्छा असेल तर नक्की होईल."

स्वतःच्या बोटाचं काम देवावर टाकताना या लोकांची जीभ कशी अडखळत नाही, मला कळत नाही.

रविवारी इन्शिराह बयूमीच्याही आधी आली. स्वतःच्या हातानं तिनं मला उघडलं. बाशानं लगेच खुर्ची दिली. दुसऱ्या केंद्राचं नाव भरून, फक्त एक कळ दाबायची बाकी ठेवून ती दाराकडे बघत बसली. नबाविया आली तेव्हा ती उठून उभी राहिली.

"ये हाज्जा, ये! आत्ता देते नंबर. चहा घेशील?"

नबावियानं नवऱ्याचं विम्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. "नाव काढून टाका त्याचं. केंद्रवाल्यांनी सांगितलंय, कार्ड परत करायचं असतं."

इन्शिराह खाली बसली. भरलेलं पान तिनं पुसलं. मी दुसरं पान उघडलं. बाशानं विचारलं, नक्की काढायचं? तिनं कळ दाबली. अब्दुल-मुईन निघून गेला. या कामात काहीही अडलं नाही.

"झालं?" नबावियानं विचारलं.

"झालं."

"आज नाही पडली वाटतं तुमची सिस्टिम," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता मला काढून नवी रंगीत खिडकी बसवणार आहेत. कागदावर बिघाड माझ्याच नावे लागलाय. मित्रांनो, मला पुसा, जपा असं मी म्हणणार नाही. खिडकी बिघडली तर दुरुस्त होते. पण धडधाकट वस्तूवर आपलं पाप ढकलू नका. वस्तू निमूट सोसते, आणि तुम्हाला वाटतं कुणाचं काही गेलं नाही.