एक जूनची पोरं

बानाबाईचा कुणावरच भरवसा नव्हता. दीर कचरूवर नव्हता, त्याच्या वकिलावर नव्हता, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या वकीलबाईवरही नव्हता. सावनीबाईंनी कोर्टात, "पोरगी तेव्हा अज्ञान होती," म्हटलं, तशी ती बाकावरूनच फणकारली, "अज्ञान कशानं? धावी पास हाय माझी अंबिका!"

"अज्ञान म्हणजे अठराच्या आतली, मावशी," सावनीबाई हळूच म्हणाल्या. "तेच तर सिद्ध करायचंय."

नवरा बिरू गेल्यावर बिडकीनजवळची तीन एकर जमीन अंबिकेच्या नावावर लागली होती. तिथं कारखाने येणार अशी कुणकुण लागताच कचरूनं २०१२ च्या दहा जूनला पुतणीला तालुक्याला नेलं. चारा छावणीचा कागद म्हणून सही घेतली, निघालं बक्षीसपत्र. शाळेत अंबिकेचा जन्म एक जून चौऱ्याण्णव. म्हणजे सहीच्या दिवशी ती अठरा वर्षं नऊ दिवसांची. ती तारीख कचरूनंच लिहवली, हे बानाबाई तीन वर्षं गावभर सांगत होती.

निवृत्त बन्सीगुरुजी शाळेचं रजिस्टर घेऊन उभे राहिले. सावनीबाईंनी अंबिकेच्या वरचं नाव जन्मतारखेसकट वाचायला लावलं. एक जून. खालचं? एक जून. पानभर एकतीस पोरं, सगळी एक जूनची.

"गुरुजी, त्या दिवशी गावात दुसरं काही कामच नव्हतं का?" न्यायाधीशांनी विचारलं. कोर्ट हसलं.

"तारीख कुणाला ठाऊक नसायची, साहेब. आम्ही सहा वर्षं मागं मोजून लिहायचो."

"अंबिकेला शाळेत घातलं कुणी? चुलत्यानंच ना?" सावनीबाईंनी विचारलं.

"नाही. आईच आली होती, काखेत कोकरू घेऊन. हा पानाचा कोपरा त्यानंच खाल्लाय."

फितवलं म्हाताऱ्याला, बानाबाईच्या मनात आलं. पण तो कुरतडलेला कोपरा दिसला आणि गुरुजींची तेव्हाची आरोळीच कानात आली. 'लिवा तुमच्या मनानं, पर पोरीला बसवून घ्या,' असं तीच म्हणाली होती.

पिंजऱ्यात तिनं शपथ घेतली. कचरूचे वकील केयूर पुढं आले. "तारीख कुणी ठरवली, बाई?"

"गुरुजीनं. मीच म्हणलं होतं, लिवा मनानं. दिराचा हात नव्हता त्यात."

कचरू मिशीत हसला.

"मग खरी तारीख कोणती? पुरावा काय?"

बानाबाईनं एकेक तोंड न्याहाळलं. पुरावा होता, पण तिनं तो वकीलबाईपासूनही लपवला होता. 

"आता तरी सांगा, मावशी," सावनीबाई म्हणाल्या.

"दिवाळी सरली व्हती. मेंढरं खाली खानदेशात उतरलेली. बाळंतपण अडलं, म्हून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं." पुढचं ती दबक्या आवाजात बोलली. "न इचारता पोरं बंद करायचं आपरेशन करत्यात, असं कुणी तरी म्हणलं. पोर पदरात घेतली नि पळाले. धरत्याल म्हून कुठं बोलले नाय."

न्यायाधीशांनी दवाखान्याचं रजिस्टर मागवलं. महिन्यानं ते आलं. सावनीबाईंनी बोट ठेवून वाचलं, "अकरा नोव्हेंबर चौऱ्याण्णव. मुलगी. आई बानाबाई बिरू. म्हणजे सहीच्या दिवशी सतरा वर्षं आणि जवळजवळ सात महिने. बक्षीसपत्र टिकत नाही आता."

"पर ह्येच खरं कशावरनं?" बानाबाईनं विचारलं.

"लिहिणाऱ्याला तुमच्या जमिनीशी काय घेणं होतं, मावशी? आणि शेवटी शेराही आहे: बाई न सांगता निघून गेली."

बानाबाईनं पदर तोंडाला लावला. "आता गं बया! त्ये बी लिवलं व्हय?"